हिशेबपट्टीच्या फोटोपासून पडताळलेल्या नोंदीपर्यंत : मोबाइल ॲपमध्ये क्लाउडवरील मशीन लर्निंग जोडण्याचा क्रम

क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या सर्व्हरवर चालणाऱ्या मॉडेलकडे (फोटोतला मजकूर ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रामकडे) फोटो पाठवणे आणि त्याने वाचलेला मजकूर ॲपमध्ये दाखवणे हे एका दुपारचे काम आहे. पुण्यातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांची ॲप तपासून देण्याच्या निमित्ताने ती दुपार माझ्या वारंवार पाहण्यात येते. डेमो व्यवस्थित चालतो, ग्राहक मान डोलावतो आणि पुढचे तीन-चार महिने त्या दुपारी घाईने घेतलेले निर्णय निस्तरण्यात जातात. चूक बहुधा कोडमध्ये नसते, क्रमात असते. सुरुवात ॲपमधून थेट मॉडेलला हाक मारण्यापासून होते. उत्तर कोणत्या स्वरूपात हवे, ते बरोबर आहे हे कशावरून ओळखायचे आणि बिल किती येईल, हे प्रश्न मात्र फीचर लोकांच्या हातात गेल्यावर सुचतात. या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. ॲपच्या कोडला हात सहाव्या टप्प्यावर लागतो.

उदाहरण एकच धरू. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घालणाऱ्या शेतकऱ्याला अडत्याच्या गाळ्यावरून हिशेबपट्टी मिळते. शेतकऱ्याने तिचा फोटो काढावा आणि ॲपने त्यातील मालाचे नाव, गोण्या किंवा क्रेटची संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडे आणि निव्वळ रक्कम वाचून त्याच्या खात्यात नोंदवावी, असे आपले फीचर आहे. मजकूर वाचण्यासाठी गूगल क्लाउड व्हिजन ही सेवा गृहीत धरली आहे. सेवा दुसरी घेतली तरी टप्पे तेच राहतात.

टप्पा १ : उत्तराचा नमुना आधी कागदावर लिहा

मॉडेल काय देते हे बाजूला ठेवून आपल्याला काय हवे ते प्रथम लिहून काढावे. प्रत्येक रकान्याचे नाव, त्याचे एकक, तो सक्तीचा आहे की नाही आणि तो वाचता आला नाही तर काय करायचे, अशा चार गोष्टी प्रत्येक रकान्यापुढे असाव्यात. चौथी गोष्ट सर्वजण गाळतात आणि तीच पुढे सर्वात महाग पडते. न वाचलेला रकाना रिकामा ठेवायचा की शून्य लिहायचे, हा निर्णय ज्याच्या हातात कोड असेल त्याच्यावर सोडला, तर तो हमखास शून्य लिहितो आणि महिनाअखेरच्या बेरजेत त्या शून्याचा पत्ता लागत नाही.

एककाकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्याच्या बाजारात बहुतेक फळभाज्यांचा दर दहा किलोंचा सांगितला जातो, पालेभाज्यांचा दर शेकडा जुड्यांचा असतो आणि सरकारी बाजारभावाच्या तक्त्यांत क्विंटलचा दर दिसतो. आमच्याच एका ॲपमध्ये दर किलोचा आहे असे गृहीत धरले गेले होते. मॉडेलने प्रत्येक आकडा बिनचूक वाचला होता, तरी टोमॅटोच्या पट्टीची रक्कम दहापट दिसत होती. तीन दिवस आम्ही मॉडेलला दोष देत होतो.

तपासणी : हा कागद संगणकाशी संबंध नसलेल्या, पण पट्टी रोज हाताळणाऱ्या माणसाला दाखवावा. त्याने एकही दुरुस्ती सुचवली नाही, तर बहुधा त्याने कागद वाचलेला नाही.

टप्पा २ : कोणते काम क्लाउडवर, कोणते फोनवर

सगळेच क्लाउडवर पाठवण्याची गरज नसते. गूगलच्या एमएल किटमधील मजकूर ओळखण्याची सोय फोनवरच, इंटरनेटशिवाय चालते आणि तिच्यात देवनागरीही आहे. दुकानाच्या पाटीसारखा मोठ्या अक्षरांचा, एक-दोन ओळींचा मजकूर असेल, तर तेवढ्यावर भागते. दाट रकान्यांचा, कार्बनखाली उमटलेला, घड्या पडलेला कागद असेल, तर क्लाउडवरचे मोठे मॉडेल घ्यावे. माझी पसंती दोन्ही वापरण्याला आहे. फोटो हलला आहे का, त्यात मजकूर आहे का, कागदाच्या चारही कडा दिसतात का, एवढे फोनने पाहावे आणि या चाळणीतून उतरलेला फोटोच पुढे जावा. भिंतीचा फोटो क्लाउडवर पाठवला तरी त्याचे पैसे लागतात.

सेवा निवडताना भाषांची यादी स्वतः उघडून पाहावी. ॲमेझॉनचे टेक्स्ट्रॅक्ट इंग्रजी व काही युरोपीय भाषांच्या कागदपत्रांसाठी घडवलेले आहे, मराठी पट्टीसाठी त्याचा उपयोग नाही. तरीही 'आमचा सर्व्हर ॲमेझॉनवर आहे, म्हणून तेच घेतले' हे उत्तर मी ऐकलेले आहे.

सर्व्हर कोठे असावा, याची सोय जवळच आहे. ॲमेझॉनची केंद्रे मुंबई व हैदराबाद येथे आहेत, गूगलची मुंबई व दिल्ली येथे आहेत, आणि मायक्रोसॉफ्टच्या अझूरचे सेंट्रल इंडिया या नावाचे केंद्र पुण्यातच आहे.

इशारा : आपला सर्व्हर मुंबईत ठेवला म्हणून मॉडेलही मुंबईतच फोटो वाचते असे नाही. फोटोवरील प्रक्रिया कोणत्या देशात होते, हे त्या मॉडेल-सेवेच्या कागदपत्रांत वेगळे तपासावे लागते.

टप्पा ३ : नमुने गोळा करा, आणि अर्धवट नव्हे

या टप्प्याला किमान एक आठवडा द्यावा. कार्यालयातल्या टेबलावर, पांढऱ्या दिव्याखाली, नव्या फोनने काढलेले वीस फोटो हे नमुने नव्हेत. खरी पट्टी पहाटे यार्डात पिवळ्या दिव्याखाली हातात पडते, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात जाते, घामाने थोडी ओली होते आणि परतीच्या वाटेवर टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवून तिचा फोटो काढला जातो. त्यात अंगठा येतो, मोबाइलची सावली येते आणि खालची निव्वळ रकमेची ओळ घडीवरच सापडते. कार्बनची तिसरी प्रत असेल तर अक्षरे जांभळट धुरासारखी दिसतात. असे फोटो हवेत.

साधारण २५ गाळ्यांच्या मिळून २०० पट्ट्या जमवाव्यात. त्यानंतर दोघांनी एकमेकांचे न पाहता प्रत्येक पट्टीवरील आकडे टंकावेत, आणि जेथे दोघांत फरक पडेल तेथे तिसऱ्याने मूळ पट्टी पाहून निर्णय द्यावा. या फरकांची संख्या लिहून ठेवावी. माणसांना जेथे एकमत करता आले नाही तेथे मॉडेलकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आता नमुन्यांची वाटणी. जुळवाजुळव करण्यासाठी काही नमुने आणि शेवटच्या परीक्षेसाठी काही सीलबंद नमुने वेगळे ठेवावे लागतात, हे बहुतेकांना माहीत असते. चूक होते ती वाटणीच्या पद्धतीत. फोटोंची सरमिसळ करून वाटणी केली, तर एकाच गाळ्याच्या छापील नमुन्याच्या पट्ट्या दोन्हीकडे जातात आणि परीक्षेचा निकाल खोटा चांगला येतो. वाटणी गाळ्यांची करावी. अठरा गाळ्यांच्या पट्ट्या कामासाठी घ्याव्यात आणि उरलेल्या सात गाळ्यांच्या पट्ट्या बंद ठेवाव्यात.

मोजमाप कोणते करायचे हेही येथेच ठरवावे. 'अक्षरे ९८ टक्के अचूक' हा आकडा फसवा आहे. पट्टीवर ४० अंक असतील आणि प्रत्येक अंक बरोबर येण्याची शक्यता ९८ टक्के असेल, तर सर्वच्या सर्व अंक बरोबर येण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्याही थोडी खाली जाते, म्हणजे निम्म्याहून अधिक पट्ट्यांत कोठेतरी चूक असते. म्हणून दोन गोष्टी मोजाव्यात. एक, किती पट्ट्या संपूर्ण बिनचूक आल्या. आणि दुसरी, किती पट्ट्यांत ॲपने चुकीची रक्कम खात्रीची म्हणून दाखवली. दुसरी संख्या माझ्या लेखी अधिक महत्त्वाची आहे, कारण पहिल्या प्रकारची चूक शेतकऱ्याला दिसते आणि तो ती दुरुस्त करतो, दुसऱ्या प्रकारची त्याला दिसतच नाही.

इशारा : पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, गाव आणि कधी मोबाइल क्रमांकही असतो. नमुने घेताना संमती घ्यावी आणि फोटो कोणाच्याही खाजगी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आणि त्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम यांचा विचार याच टप्प्यापासून करावा लागतो. अधिनियमानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. इंग्रजी सूचनेवर शेतकऱ्याचा अंगठा टेकवून घेणे ही संमती नव्हे.

टप्पा ४ : मधला सर्व्हर उभा करा

ॲपने मॉडेल-सेवेशी थेट बोलू नये. मध्ये आपला छोटा सर्व्हर असावा. छोटा कोड चालवून देणाऱ्या गूगलच्या क्लाउड फंक्शन किंवा क्लाउड रन या सेवा पुरेशा आहेत. याचे पहिले कारण सर्वांना ठाऊक असूनही पाळले जात नाही. एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, मुळात झिप आहे आणि जॅडएक्ससारख्या मोफत साधनाने ती काही मिनिटांत उघडता येते. आत ठेवलेली एपीआय-की (सेवा वापरण्यासाठी सोबत पाठवायची किल्ली) साध्या मजकुराच्या रूपात सापडते. कोड धूसर करणारी नेहमीची साधने वर्ग आणि फंक्शनची नावे बदलतात, अवतरणचिन्हांतला मजकूर तसाच राहतो.

एक नेहमीचा गोंधळ येथे दूर केला पाहिजे. फायरबेस या गूगलच्या ॲप-सेवेच्या जोडणी-फाइलमध्येही एक एपीआय-की असते आणि ती ॲपमध्ये असणे अपेक्षितच आहे, कारण ती प्रकल्पाची ओळख सांगते. पण तीच की निर्बंध न घालता सोडली आणि त्याच प्रकल्पात व्हिजन सेवा चालू केली, तर त्या कीने कोणीही आपल्या खर्चाने फोटो वाचून घेऊ शकतो. म्हणून त्या कीवर लागणाऱ्या सेवांपुरताच निर्बंध घालावा आणि व्हिजनला तीतून वगळावे.

सर्व्हरची उभारणी या क्रमाने करावी.

१. सर्व्हरसाठी वेगळे सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामच्या नावाचे खाते) करावे आणि त्याला आवश्यक तेवढीच परवानगी द्यावी. गूगलच्या क्लाउडवरच सर्व्हर असेल, तर हे अकाउंट फंक्शनला थेट जोडता येते, की-फाइल उतरवून घेण्याची गरजच पडत नाही.

२. येणारी विनंती खऱ्या वापरकर्त्याची आणि आपल्याच ॲपमधून आलेली आहे, हे तपासावे. पहिल्यासाठी लॉगिनचे टोकन (लॉगिननंतर मिळणारी ओळखखूण) आणि दुसऱ्यासाठी फायरबेसचे ॲप चेक वापरावे. ॲप चेक अँड्रॉइडवर प्ले इंटिग्रिटीचा आणि आयफोनवर ॲप अटेस्टचा आधार घेते.

३. प्रत्येक वापरकर्त्याला दिवसाची मर्यादा घालावी. शेतकरी दिवसाला पाच-दहा पट्ट्या वाचेल. दोनशे पट्ट्या वाचणारा शेतकरी नसतो.

४. मॉडेल-सेवेचे उत्तर जसेच्या तसे ॲपकडे पाठवू नये. पहिल्या टप्प्यावर कागदावर लिहिलेल्या नमुन्यात ते बसवूनच पाठवावे. उद्या सेवा बदलली तर बदल सर्व्हरवर एका ठिकाणी होतो, नाहीतर लोकांच्या फोनमधल्या जुन्या आवृत्त्या एकाच दिवशी बंद पडतात.

तपासणी : गिटच्या, म्हणजे कोडचे सर्व बदल जपणाऱ्या साधनाच्या, संपूर्ण इतिहासात की शोधावी. पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) की पुसली तरी मागच्या कमिटमध्ये ती राहते. सापडल्यास पुसत बसू नये, ती रद्द करून नवी काढावी.

टप्पा ५ : खर्चाला कुलूप

व्हिजनमध्ये महिन्याला पहिली १,००० युनिट मोफत असतात आणि त्यापुढे मजकूर वाचण्यासाठी दर हजाराला दीड डॉलर असा दर आहे. युनिट फोटोमागे नसते, फोटोवर मागितलेल्या प्रत्येक कामामागे असते. एकाच फोटोवर मजकूर आणि वस्तूंची लेबले अशी दोन कामे मागितली, तर दोन युनिट धरली जातात. नमुना-कोडमधून उचललेली, न लागणारी कामांची यादी तशीच राहून दुप्पट बिल आल्याचे मी पाहिले आहे.

पाचशे शेतकरी रोज दोन पट्ट्या वाचतात असे धरले तर महिन्याला ३०,००० युनिट, म्हणजे साधारण ४३ डॉलर होतात. हा आकडा कोणालाच घाबरवत नाही. पण पुन्हा-प्रयत्नाच्या कोडमध्ये थांबण्याची अट विसरली आणि प्रत्येक फोटो सरासरी वीस वेळा गेला, तर तोच आकडा ९०० डॉलरच्या आसपास जातो, आणि ते कळते महिना संपल्यावर.

इशारा : बजेट अलर्ट म्हणजे मर्यादा नव्हे. ठरलेली रक्कम ओलांडल्यावर ई-मेल येतो आणि सेवा चालूच राहते. खर्च खरोखर थांबवायचा असेल तर त्या सेवेचा कोटा (ठरावीक काळात चालणाऱ्या विनंत्यांची मर्यादा) कमी करून ठेवावा आणि सर्व्हरवर स्वतःची मोजणीही ठेवावी. आलेला ई-मेल कोण उघडतो हेही पाहावे. बिलिंगचे खाते कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर असण्याचा प्रकार दुर्मीळ नाही.

टप्पा ६ : फोटो फोनवर तयार करा

येथून ॲपचे काम सुरू होते. आजच्या फोनचा फोटो सहज ४ एमबीचा असतो. पहाटे यार्डात एकाच वेळी हजारो फोन चालू असताना अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट मिळाला, तर एवढा फोटो जायला ३२ सेकंद लागतात. ३०० केबीचा केला तर अडीच सेकंदांच्या आत जातो. म्हणून फोटो लहान करावा, पण पुढील क्रमाने.

१. मूळ फोटो ॲपच्या खाजगी जागेत जतन करावा.
२. फोटोच्या एक्झिफ माहितीतील (फाइलमध्ये दडलेल्या दिशा, वेळ, जागा अशा नोंदींतील) दिशा वाचून फोटो सरळ करावा.
३. कागदाच्या कडेने कापावा.
४. आकार लहान करावा. मजकूर वाचण्यासाठी १०२४ गुणिले ७६८ पिक्सेल हा किमान सुचवलेला आकार आहे. दाट पट्टीसाठी मी लांब बाजू १,६०० ते २,००० पिक्सेल ठेवतो.
५. जेपेग करताना दर्जा ८० ते ८५ ठेवावा.
६. एक्झिफ माहिती गेली आहे याची खात्री करावी.

दुसरी आणि चौथी पायरी उलटली की फोटो आडवा जातो, कारण लहान करताना दिशेची खूण गळून पडते. सहावी पायरी वगळली तर फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांशही जाऊ शकतात. शेतकऱ्याने घरी बसून फोटो काढला असेल तर ते त्याच्या घराचे असतात.

तपासणी : निरनिराळ्या कंपन्यांच्या निदान चार फोनवर, फोन उभा, आडवा आणि उलटा धरून फोटो काढावेत आणि सर्व्हरवर पोहोचलेली फाइल उघडून पाहावी. फोनच्या स्क्रीनवर फोटो सरळ दिसतो यावर विसंबू नये.

टप्पा ७ : पाठवणे, वाट पाहणे आणि पुन्हा पाठवणे

फोटो काढल्याबरोबर त्याला फोनवरच एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तो रांगेत टाकावा. अँड्रॉइडवर मागे कामे उरकणाऱ्या वर्कमॅनेजरला 'नेटवर्क असेल तेव्हाच' अशी अट घालता येते. सर्व्हरने तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास मॉडेलला पुन्हा न विचारता आधीचे उत्तर परत द्यावे. हा एक क्रमांक नसल्यामुळे एकच पट्टी खात्यात दोनदा नोंदवली जाते, आणि शेतकऱ्याला आपले उत्पन्न दुप्पट दिसते.

थांबण्याच्या वेळा बाहेरून आत कमी होत जाव्यात. ॲप २० सेकंद थांबत असेल, तर सर्व्हरने १५ आणि सर्व्हरने मॉडेलसाठी १० सेकंद थांबावे. बहुतेक ठिकाणी हे नेमके उलटे असते. ॲप दहाव्या सेकंदाला हार मानते, सर्व्हर मागे काम करतच असतो, वापरकर्ता पुन्हा बटण दाबतो आणि एकाच कामाचे पैसे दोनदा लागतात.

पुन्हा प्रयत्न फक्त ४२९ (विनंत्या फार झाल्या), ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) अशा तात्पुरत्या उत्तरांवर करावा. ४०० आले तर पाठवलेली विनंतीच चुकीची आहे; ती शंभरदा पाठवूनही उत्तर बदलणार नाही. प्रयत्नांमधले अंतर एक, दोन, चार सेकंद असे वाढवत न्यावे आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळावा, म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावणार नाहीत. पुन्हा प्रयत्न करण्याची जबाबदारी एकाच थरावर द्यावी. ॲपने तीनदा आणि सर्व्हरनेही तीनदा प्रयत्न केला की नऊ होतात.

टप्पा ८ : उत्तराची पडताळणी

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. मॉडेलकडून आलेला मजकूर हा अंदाज आहे असे समजूनच पुढचा कोड लिहावा.

प्रथम ओळी जुळवाव्यात. सेवा मजकूर तुकड्या-तुकड्यांत देते आणि तक्त्यातील एकाच आडव्या ओळीतील वजन एका तुकड्यात, दर दुसऱ्या तुकड्यात येतो. मजकूर आला त्या क्रमाने वाचला तर सगळी वजने एकाखाली एक आणि नंतर सगळे दर अशी रांग लागते. प्रत्येक शब्दासोबत त्याच्या चौकटीचे कोपरे मिळतात. त्यांच्या उभ्या स्थानावरून ओळी बांधून घ्याव्यात. कागद तिरका असेल तर त्याआधी तिरकेपणा काढावा.

मग अंक. मराठी पट्टीवर देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच ओळीतही येतात. देवनागरी पाच आणि इंग्रजी चार, तसेच देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ एकमेकांसारखे दिसतात, आणि मॉडेलही तेथेच घसरते. कोडमध्ये याहून मजेदार खड्डा आहे. जावा आणि कोटलिन या अँड्रॉइड ॲप लिहिण्याच्या भाषांमध्ये पूर्णांक वाचणारे फंक्शन देवनागरी अंक मुकाट्याने स्वीकारते, दशांश वाचणारे फंक्शन मात्र तेच अंक नाकारते. आमच्या ॲपमध्ये गोण्यांची संख्या बरोबर येत होती आणि वजनाचा रकाना कायम रिकामा राहत होता, त्याचे कारण एवढेच होते. मजकूर हाती येताच सर्व अंक एकाच लिपीत आणावेत, त्यानंतरच पुढे जावे. रकमेतील स्वल्पविराम काढावेत. रकमेपुढे मारलेली तिरकी रेघ आणि आडवी रेघ मॉडेल अनेकदा एक या अंकासारखी वाचते, त्यामुळे २,३१४ चे २३,१४१ होतात, हेही ध्यानात ठेवावे.

शब्दांची जुळणी करताना दिसायला एकसारखे शब्द आतून वेगळे असतात. 'शेतकऱ्याचे नाव' या छापील शीर्षकातल्या 'ऱ्या'मधला अर्धा 'र' निरनिराळ्या पद्धतींनी साठवला जातो: नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडलेल्या एकाच अक्षराने, 'र' आणि वेगळ्या नुक्त्याने, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. युनिकोडचे, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याच्या जागतिक पद्धतीचे, प्रमाणीकरण पहिल्या दोन एकत्र आणते. तिसरी पद्धत आपल्याला स्वतः बदलून घ्यावी लागते.

आता हिशेबाचा ताळा. समजा पट्टीवर टोमॅटो १८६ किलो, दर दहा किलोंना १४० रुपये, हमाली ३८, तोलाई १२, गाडीभाडे २४० आणि निव्वळ रक्कम २,३१४ असे आहे. मालाची किंमत २,६०४ येते, कपात २९० होते आणि वजाबाकी जुळते. मॉडेलने १४० चे ९४० वाचले असते तर किंमत १७,४८४ झाली असती आणि ती निव्वळ रकमेशी कधीच जुळली नसती. कागदावरच असलेले हे गणित कोणत्याही मॉडेलच्या आत्मविश्वासाच्या आकड्यापेक्षा भरवशाचे आहे. पूर्णांक करण्यामुळे पडणारा एखाद्या रुपयाचा फरक मात्र चालवून घ्यावा.

इशारा : गणित जुळत नसेल तर ॲपने परस्पर आकडा सुधारू नये. कधी मॉडेल बरोबर असते आणि पट्टीवरचा हिशेबच चुकलेला असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच खरी बातमी आहे. पट्टीवर जे लिहिले आहे ते तसेच दाखवावे आणि ताळा लागत नाही, हे वेगळे सांगावे.

मॉडेल प्रत्येक शब्दासाठी आणि चिन्हासाठी शून्य ते एक यांमधला विश्वासाचा आकडा देते. त्याची सरासरी काढू नये. सहा अंकी रकमेत पाच अंक ०.९९ ने आणि एक ०.४० ने वाचला, तर सरासरी ०.८९ येते आणि संशयित अंक झाकला जातो. सर्वात कमी आकडा धरावा. उंबरठा किती ठेवायचा हे तिसऱ्या टप्प्यातील नमुन्यांवरून ठरवावे. दुसऱ्याच्या लेखातून ०.८ उचलू नये.

टप्पा ९ : स्क्रीन आणि संमती

प्रत्येक रकान्याशेजारी फोटोतील तेवढाच कापलेला भाग दाखवावा. माणूस दोन आकडे शेजारी-शेजारी क्षणात ताडतो. संपूर्ण फोटोत शोधायला लावले तर तो न पाहताच 'ठीक आहे' दाबतो. संशयित रकाना केवळ रंगाने दाखवू नये, उन्हात रंग दिसत नाही. 'हा आकडा तपासा' असे शब्दांत लिहावे. जे रकाने खात्रीचे आहेत त्यांच्यासाठी वेगवेगळी परवानगी मागत बसू नये, नाहीतर दहाव्या प्रश्नानंतर खऱ्या प्रश्नाकडेही दुर्लक्ष होते.

वापरकर्त्याने केलेली दुरुस्ती हा पुढच्या सुधारणेचा उत्तम नमुना असतो. पण ती साठवायची तर त्याची संमती फीचर वापरण्याच्या संमतीपासून वेगळी घ्यावी, आणि ती नाकारली तरी फीचर चालले पाहिजे. सर्व्हरच्या लॉगमध्ये (कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत) वाचलेला संपूर्ण मजकूर लिहू नये. चाचणीच्या काळात लावलेली ती एक ओळ काढायची राहते आणि शेकडो लोकांची नावे व रकमा लॉगमध्ये पडून राहतात. गूगल प्लेवर ॲप प्रसिद्ध करण्याच्या प्ले कन्सोलमधील डेटा सुरक्षेच्या अर्जात फोटो फोनबाहेर जातो हे नोंदवावे. ॲप स्टोअरसाठीही तेच.

टप्पा १० : हळूहळू सोडणे

फीचर दूरस्थ स्विचमागे ठेवावे, म्हणजे गडबड झाल्यास नवी आवृत्ती न काढता ते बंद करता येते. बंद असताना हाताने नोंद करण्याचा पडदा चालू राहिला पाहिजे. स्विच बंद करून ॲप एकदा प्रत्यक्ष वापरून पाहावे, कारण ही चाचणी जवळजवळ कोणीच करत नाही. प्ले कन्सोलमध्ये आवृत्ती टक्क्यांनी सोडता येते. सुरुवात पाच टक्क्यांनी करावी आणि बाजार बंद असण्याचा दिवस मोजणीत धरू नये.

सीलबंद ठेवलेल्या सात गाळ्यांच्या पट्ट्या सोडण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर दर महिन्याला सर्व्हरमधून चालवाव्यात. आपण कोडची एकही ओळ बदलली नसली तरी पलीकडचे मॉडेल बदलू शकते. व्हिजनमध्ये स्थिर आणि नवीनतम असे मॉडेलचे प्रकार निवडता येतात. उत्पादनात स्थिर ठेवावे आणि नवीनतम फक्त या मासिक चाचणीत चालवून पाहावे. प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या मॉडेलने आणि आपल्या सर्व्हरच्या कोणत्या आवृत्तीने वाचली हे जतन करावे. त्याशिवाय मार्चमध्ये चुकलेल्या पट्ट्या जूनमध्ये शोधून काढता येत नाहीत.

रोजच्या पाहणीसाठी तीन आकडे पुरतात: ताळा न लागलेल्या पट्ट्यांचे प्रमाण, वापरकर्त्याने बदललेल्या रकान्यांचे प्रमाण आणि दर पट्टीमागे लागलेली युनिट. तिसरा आकडा एकाच्या वर सरकू लागला तर सातव्या टप्प्यात कोठेतरी गळती आहे. दुसरा एकाएकी शून्यावर आला तर आनंद मानू नये; बहुधा दुरुस्तीचे बटणच चालत नसते, आणि आमच्या बाबतीत ते कीबोर्डखाली लपले होते.